काकांच्या गच्चीवरची स्ट्रॉबेरी

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, हे मला तोवर तोंडपाठ झालं होतं. लग्न झालंय का, घरी कोण येणार-जाणार, मासे शिजवणार का, रात्री उशीर होतो का. बाळकुमच्या त्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत काकांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "चादरी कुठे वाळत घालणार?"

मी म्हटलं, गच्चीवर घालेन, नाहीतर खिडकीत. त्यावर ते उठले आणि मला सरळ गच्चीवर घेऊन गेले. त्यांचं घर आणि मला द्यायची खोली शेजारीशेजारी, वरच्या मजल्यावर. तिथून गच्ची एक जिना. वर गेल्यावर त्यांनी हाताने हद्द आखून दिली. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, म्हणजे उत्तरेला, चादरी, सतरंज्या, हवं तर गाद्यासुद्धा घालायच्या. टाकीच्या अलीकडे साधा हातरुमालही नाही. टाकीच्या अलीकडे रंगाचे रिकामे डबे, मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची खोकी आणि कान तुटलेल्या बादल्या ओळीने मांडल्या होत्या आणि सगळ्यांत पंजाएवढी हिरवी रोपं होती. ती स्ट्रॉबेरी आहे हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसले. ठाण्यात स्ट्रॉबेरी येते यावर माझा विश्वास नव्हता. ते हसले नाहीत.

मग त्यांनी माझं गाव विचारलं. मी तासगाव म्हटलं, मामाची द्राक्षबाग आहे म्हटलं, आणि एवढा वेळ टाकीच्या सावलीकडे बघत बोलणारे काका पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मग विरळणी माहीत असेल," म्हणाले. माहीत होतीच. घडातले मणी दाटीने आले की कात्री लावून निम्मे काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत गोडी भरते. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलं की आम्हा सगळ्या पोरांना ते बघायला मिळायचं. मी एवढं सांगितल्यावर काका म्हणाले, खोली तुझी. खालून काकूंचा आवाज आला, मुलीचं नाव तरी विचारलंत का म्हणून. विचारलं नव्हतं.

काकांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये एका सरबत आणि जॅम करणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये झाली होती. ती कंपनी कधीच बंद पडली, तिच्या जागी आता काचेची इमारत आहे. मीही वागळे इस्टेटलाच, लेबलं छापणाऱ्या एका कंपनीत होते, त्यामुळे काका अधूनमधून मला त्या इमारतीचे हालहवाल विचारायचे. कंपनीतून निवृत्त होताना साहेबांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि काकांनी स्वतःहून एक वस्तू मागून घेतली, ती म्हणजे रस तपासायची नळी. दिसायला छोट्या दुर्बिणीसारखी. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की रसात साखर किती ते आत आकड्यात दिसतं. इमारतीतले लोक तिला दुर्बीणच म्हणत.

ही दुर्बीण काकांच्या शर्टाच्या खिशात असे, आणि तिने त्यांना बऱ्याच ठिकाणी नकोसं करून सोडलं होतं. एका लग्नात त्यांनी पंगतीत बसून गुलाबजामच्या पाकाचा थेंब तिच्यावर घेतला आणि वाढप्याला सांगितलं की कालचा पाक आणि आजचा पाक एकत्र केलाय. खरंच केला होता, पण यजमानांनी त्यानंतर त्यांना कुठल्या कार्याला बोलावलं नाही. नाक्यावरचा फळवाला मात्र हुशार निघाला. आधी काका दिसले की तो द्राक्षांवर कागद टाकायचा. मग त्याच्या लक्षात आलं की काकांनी "बरी आहेत" म्हटलं की मागे उभी असलेली माणसंही तीच पेटी मागतात. तेव्हापासून तो काकांना स्टूल द्यायला लागला. "काकांनी चेक केलेला माल आहे," असं तो गिऱ्हाइकांना खुशाल सांगायचा, अगदी काका ज्या दिवशी फिरकलेही नसतील त्या दिवशीसुद्धा.

गच्ची अर्थातच सोसायटीची होती. काकांना ती कोणी दिली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती. दर वार्षिक सभेत आमचे सेक्रेटरी, जे बँकेत होते आणि नियमाला फार जपत, गच्चीवरच्या अतिक्रमणाचा विषय काढायचे. विषय निघाला की काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे की उन्हावर सोसायटीचा हक्क आहे असं उपविधीत कुठे लिहिलंय ते दाखवा. सेक्रेटरी खरंच उपविधी चाळत बसायचे आणि सभा पुढच्या विषयाकडे जायची.

काकांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं आणि ते वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की जिन्यात भेटलेली लहान मुलंही ते म्हणायची. पान कमावतं आणि फळ खातं. पानाने उन्हात बसून साखर करायची, फळाने ती आयती घ्यायची. मातीतून साखर येत नाही, मुळांतून येत नाही, माळ्याच्या प्रेमातून तर मुळीच येत नाही. पानावर ऊन पडलं तर येते. हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला आपण घरात बसून उगाच वेळ घालवतोय असं वाटावं.

त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांचा दिवस उन्हाच्या मागून चालायचा. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि शेजारच्या उंच संकुलांची सावली गच्चीभर फिरते. ती कुठून कुठे जाते हे त्यांनी खडूने जमिनीवर काढून ठेवलं होतं. सगळे डबे जुन्या ऑफिसच्या खुर्च्यांच्या चाकांवर बसवलेले. सावली आली की काका डबे ढकलत पुढे जायचे, आणि खालच्या मजल्यावर ती घरघर ऐकून लोक घड्याळ न बघता दुपारच्या चहाला आधण ठेवायचे. कठडा त्यांनी आतून पांढरा रंगवला होता, उजेड परत फेकला जावा म्हणून. पोरांनी खाऊन टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या ते मागून घ्यायचे, उलट्या करून धुवायचे आणि त्यांची चंदेरी बाजू रोपांखाली अंथरायचे, म्हणजे पानांना खालूनही उजेड मिळेल. संध्याकाळी गच्चीच्या लादीवर पाणी मारून ती गार करायचे. रात्र गरम असली की झाड दिवसभराची कमाई रात्रीतच उडवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ठाण्याच्या उकाड्याला ते या एका बाबतीत कधीच माफ करू शकले नाहीत.

हे सगळं लोकांनी हसून सोडून दिलं असतं. लोकांना खुपायचं ते त्यांचं फुलं खुडणं. रोपं आली, त्यांवर पहिली पांढरी फुलं दिसायला लागली, की काका नखाने ती टचाटच खुडून टाकायचे. का, तर रोप अजून लहान आहे, त्याला आधी पानं करू द्या. पुढे फळं धरली की त्यातलीही निम्मी हिरवी असतानाच काढायचे. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींना हे अजिबात बघवत नसे. त्या मूळच्या बाळकुम गावच्या. आता जिथे मोठमोठी संकुलं उभी आहेत तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. गुडघे दुखत असूनही वाळवणं घालायला त्या वर यायच्या आणि काकांना फैलावर घ्यायच्या.

"काका, उमलली फुला तोरताव, हात कसा चालतो तुमचा?"

काका न रागावता त्यांना समजावायचे की घरात भाकरी मोजक्याच असतील तर खाणारी तोंडंही मोजकीच हवीत, नाहीतर सगळेच अर्धपोटी राहतात आणि सगळीच फळं आंबट होतात. मावशी म्हणायच्या, आमच्या घरात एवढी तोंडं होती, कोणाला खुडलं नाही. काका डबे ढकलायला लागायचे.

त्यांचं हे शास्त्र झाडांपुरतं राहत नव्हतं, हा खरा त्रास. मी तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते, घरबसल्या एमबीए करत होते आणि शनिवार-रविवार नौपाड्यात जर्मनच्या क्लासला जात होते. एकदा जिन्यात मला जांभया देताना बघून काकांनी माझी तिन्ही कामं विचारून घेतली, मग कंपनीत खिडकीजवळ बसायला मिळतं का ते विचारलं. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, तुझी पानं ट्यूबलाइटखाली आणि फळं तीन, दोन खुड. मला राग आला. माझी फळं मी बघेन असं मनात म्हणून मी खोलीत गेले. महिन्याभराने जर्मन मात्र सोडलं, आणि काकांना ते कळू नये म्हणून शनिवारी उगाच बॅग घेऊन बाहेर पडायची.

पण या सगळ्या उठाठेवीच्या मुळाशी शास्त्र नव्हतं, काकू होत्या.

काकू महाबळेश्वराच्या बाजूच्या. त्यांच्या वडिलांचा स्ट्रॉबेरीचा मळा होता. लग्नानंतर काका पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हा सासऱ्यांनी जावयासाठी मळ्यातली ताजी स्ट्रॉबेरी परातीत घालून पुढे ठेवली. घरची, भावकीतली माणसं भोवती बसलेली. त्या वेळी काका लॅबमध्ये नवीन होते आणि कंपनीची दुर्बीण त्यांच्या बॅगेत होती. दुसरा कोणी जावई असता तर त्याने स्ट्रॉबेरी खाल्ली असती. काकांनी ती पिळली, काचेवर थेंब घेतला, खिडकीकडे धरून बघितलं आणि सगळ्यांच्या देखत आकडा सांगितला. वर असंही म्हणाले की हिच्यात साखर कमी आहे, पानांच्या आड वाढलेली दिसतेय, आणि नीट ऊन दिलं तर एवढी गोडी तर ठाण्यात गच्चीवरही निघेल.

काकू सांगायच्या की त्या क्षणी आपल्याला जमीन दुभंगावी असं वाटलं. सासऱ्यांनी परात बाजूला सारली आणि हात जोडून म्हणाले, काढा जावईबापू. ठाण्याच्या गच्चीवर काढा आणि आमच्या लेकीच्या तोंडून गोड म्हणवून दाखवा, म्हणजे आम्ही मानू.

सासरे जाऊन कैक वर्षं झाली. मेहुणे अजूनही दरवर्षी दिवाळीच्या आसपास एसटीने रोपांची पेटी पाठवतात, त्यातही थोडी मजा बघण्याचा भाग असावा. आणि दर हिवाळ्यात पहिलं पूर्ण पिकलेलं फळ काका वाटीत घालून काकूंपुढे धरत. काकू हातातलं काम ठेवत, पदराला हात पुसत, फळ तोंडात टाकत, खिडकीबाहेर बघत सावकाश चावत आणि म्हणत, "आंबट."

एवढंच. त्यात राग नाही, चेष्टा नाही. काका वाटी उचलून वर जायचे आणि पुढच्या वर्षी काय बदलायचं याचा विचार सुरू करायचे. पांढरा कठडा, वेफर्सच्या पिशव्या, चाकांचे डबे, लादीवरचं पाणी, हे सगळं एकेका आंबटातून आलेलं होतं. मी तिथे राहायला गेल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात काकांनी मलाही एक फळ दिलं होतं. मला ते चांगलंच गोड लागलं. मी काकूंना तसं म्हटलंही. काकू म्हणाल्या, तू द्राक्षाच्या गावची, तुला नाही कळायचं. डोंगरावरच्या माणसांची जीभ वेगळी असेल असं मला वाटलं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात इमारत पाडून नवी बांधायचं नक्की झालं. कागद झाले, सह्या झाल्या, काकांनीही केली. उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. नव्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल येणार होते आणि तिला कुलूप असणार होतं. काका यावर फारसं बोलले नाहीत. फक्त रोपांची पेटी आली त्या संध्याकाळी माती कालवताना मला म्हणाले, "यंदा नाही तर मग राहिलंच." काकांच्या तोंडी मी हताश वाक्य कधी ऐकलं नव्हतं आणि हेही त्यांनी माती कालवतानाच म्हटलं, तरी मला गलबलून आलं.

त्या वर्षी त्यांनी जीव ओतला. पानं गडद, रुंद, बसकी झाली होती. पहिली फुलं खुडून झाली होती, दुसरी यायला लागली होती. आणि अशा वेळी एका सकाळी पाण्याची बादली घेऊन उतरताना काका गच्चीच्या जिन्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नाशिकला असणारी त्यांची मुलगी येऊन आठवडाभर राहून गेली, आणि काकांना खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले वर आणलं. पलंग खिडकीला लावला. गच्ची डोक्यावर, एक जिना वर, आणि ती आता त्यांना थेट उन्हाळ्यापर्यंत दिसणार नव्हती.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि मला रजा घेऊन गावी जावं लागलं. जाताना मला गच्चीची काळजी होती. पण सेक्रेटरी स्वतः काकांच्या पलंगाशी येऊन म्हणाले, काका, अजिबात टेन्शन घेऊ नका, आम्ही सगळे आहोत. ज्या माणसाने इतकी वर्षं अतिक्रमणाचा विषय काढला त्याने हे म्हणावं, याने काका इतके भांबावले की फुलं किती ठेवायची, फळं पिकताना पाणी केव्हा तोडायचं, म्हणजे कमी करायचं, हे सांगायचंच राहून गेलं.

गावाला असताना सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो यायचे. रोपांचे, फुलांचे, मग फळांचे. खाली टाळ्या, हार, बदाम. एकदा सेक्रेटरींनी लिहिलं, काका, यंदा बंपर! मी आईच्या डोळ्यांत थेंब घालण्याच्या गडबडीत ते नीट बघितले नाहीत.

परत आले त्या दिवशी बॅग खोलीत टाकून मी आधी गच्चीवर गेले. दारातच थबकले. काकांच्या सगळ्या डब्यांवर, टाकीपासून कठड्यापर्यंत, हिरवी दाट जाळी ताणून बांधली होती. रोपवाटिकेत लावतात तशी. बांबू रोवलेले, गाठी पक्क्या, काम मोठं नेटकं. आत हिरवट अंधार. पानं लुसलुशीत आणि मोठी, देठ लांबच लांब. एकही फूल कोणी खुडलं नव्हतं, त्यामुळे फळं इतकी की मोजणं कठीण, सगळी बोराएवढी आणि फिकी. माती चिखल झालेली. आणि प्रत्येक डब्यावर मुंग्यांची रांग.

आत मावशी बसल्या होत्या, एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हातात तांब्या. मी विचारलं हे काय घालताय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "साखरपानी. रोज घालतंय. फला गोर व्हायला नको?"

जाळी कोणी बांधली तेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी खाली आले ते तणतणतच. काकूंनी दार उघडलं, त्यांच्या अंगावरून मी थेट पलंगाशी गेले आणि काकांना सगळं सांगून टाकलं. जाळी, चिखल, साखरपाणी, मुंग्या, न खुडलेली फुलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग उशाचा फोन उचलला, ग्रुपवरचा एक फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला आणि लांब झालेल्या देठांवर बोट ठेवलं. झाड उजेड शोधतंय, म्हणाले. त्यांना पहिल्या फोटोपासून माहीत होतं.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत. अजूनही हातात दिवस आहेत. आत्ता जाळी काढते, निम्मी फळं खुडते, पाणी तोडते. उरलेल्या फळांना ऊन लागलं तर थोडी तरी गोडी येईल. काकूंच्या हातात द्यायला एक फळ तरी नीट निघेल.

काकांनी विचारलं, "वर रोज कोण जातं?"

मी म्हटलं, मावशी.

"त्यांना डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय. आणि जाळी?"

जाळी सेक्रेटरींनी कल्याणच्या बाजारातून आणली होती. उन्हाने रोपं करपतील या भीतीने एक अख्खा रविवार त्यांनी बांबू रोवण्यात घालवला होता, मुलाला हाताशी घेऊन. हे मला मावशींनीच सांगितलं होतं, ते मी काकांना सांगितलं.

"मग राहू दे," काका म्हणाले. "तू जाळी काढलीस तर एखादं फळ गोड होईलही. पण त्या दोघांना काय सांगशील?"

हातरुमालाच्या सावलीवरून अख्ख्या इमारतीशी भांडणारा हा माणूस, आयुष्यभराची एक गोष्ट शेवटच्या वर्षी हातातून जाताना बघत होता आणि दुसऱ्यांची तोंडं उतरू नयेत म्हणून गप्प होता. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण त्या आत गेल्या.

पुढच्या पंधरवड्यात फळं लाल झाली. लाल म्हणजे लालसर. एका रविवारी सकाळी सेक्रेटरी आणि मावशी मोठं स्टीलचं पातेलं भरून फळं घेऊन आले, मागे इमारतीतली आणखी चार माणसं. काकांना उशा लावून बसवलं. इतकी फळं त्या गच्चीवर आजवर एका वेळी कधीच निघाली नव्हती, हे खरंच होतं. सेक्रेटरींनी एक काकांना दिलं, एकेक सगळ्यांना वाटलं. मी तोंडात टाकलं. पाणचट आणि आंबट, दात आंबले. एकेकाचे चेहरे कसनुसे झाले, पण सगळे म्हणाले, मस्त. काका म्हणाले, माल भरपूर आलाय. हे त्यांनी खोटं न बोलता शोधून काढलेलं वाक्य होतं. सेक्रेटरींना ते पुरलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर जाळीचा राग विसरायला झाला.

मग सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. हा खेळ इमारतीत सगळ्यांना माहीत होता. मावशींनी स्वतःच्या हाताने निवडून एक फळ काकूंच्या हातावर ठेवलं. काकूंनी ते तोंडात टाकलं, खिडकीबाहेर बघत सावकाश चावलं आणि म्हणाल्या, "गोड आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, काका, जिंकलात. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मी काकांकडे बघितलं तर त्यांचं तोंड उतरलं होतं. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी ते डबे ढकलत होते तो शब्द त्यांना मिळाला होता, आणि तो खोटा होता हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ज्या बाईने त्यांना कधी एका फळाची सूट दिली नव्हती तिने आज आजारी माणसाची समजूत काढली होती. ते भिंतीकडे वळले. लोकांना वाटलं, दमले असतील. चहा घेऊन मंडळी गेली.

मी कपबशा गोळा करत होते. काका भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"एवढ्या माणसांसमोर काय म्हणू?" काकू म्हणाल्या. "मावशी तिथे उभ्या होत्या."

"आता कोणी नाही."

मी होते, पण मला दोघांनीही हिशेबात धरलं नव्हतं. काकूंनी पातेल्यातलं आणखी एक फळ उचललं, पलंगाच्या कडेला बसल्या आणि खाल्लं. या वेळी त्या खिडकीकडे बघत नव्हत्या.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "फार आंबट." मग पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "मागच्या वर्षीची गोड होती."

काका मोडलेल्या खुब्याला जेवढं जमेल तेवढे वळले. "मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"म्हटलं असतं तर यंदा लावली असतीत का?"

मी हातातल्या कपबशा तशाच धरून उभी राहिले. काकूंचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. काका कोपरावर जोर देऊन अर्धवट उठले आणि काकूंना म्हणाले, "मागच्या वर्षीची म्हणजे नक्की कुठल्या डब्यातली?"